टोपल्यापलीकडे पडलेला गोळा

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. अकोल्यात ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो त्या सोबत्यांना नाही. देवासमोर उभं राहूनही नाही — तिथंही मी भलतंच काहीतरी पुटपुटलो आणि जोडे घालून निघून आलो.

तुम्ही माझे छापील कागद वाचता. बाजारात कोणी मोठ्याने वाचत असेल तर थांबून ऐकता. म्हणून तुम्हाला वाटतं की हा माणूस आपल्याला ठाऊक आहे. कापसाला पाणी मारून गठ्ठे बांधणाऱ्यांवर भर बाजारात तुटून पडतो तो मीच. दगाबाज हा शब्द ज्याला माझ्या तोंडून ऐकावा लागला नाही असा अडत्या अकोल्यात शोधावा लागेल. शब्द जड आहे म्हणतात. मला तो कधी जड वाटला नाही. दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा असला की कुठलाही शब्द हलकाच असतो, नाही का?

आता तोच शब्द एका अगदी जवळच्या माणसावर टाकायचा आहे. तीन दिवस झाले, लेखणी तिथवर येते आणि मी उठून उगाच दारापर्यंत जाऊन येतो. म्हणून आधी दुसरंच सांगतो. सांगता सांगता तिथं पोचेन — न पोचलो तर हा कागद फाडून टाका.

चार वर्षांपूर्वी मी अमरावतीच्या शाळेत शिकत होतो. वय सतरा. शाळेचं मैदान आणि कापसाचं आवार यांच्यामध्ये फक्त एक काटेरी कुंपण होतं. दिवाळी सरली आणि गाड्यांची रीघ लागली की मास्तरांचा आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही. पाटीवर फुंकर मारल्याशिवाय लिहिता यायचं नाही, इतकी उडती रुई तिच्यावर बसलेली असायची. समुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता की ज्यांनी जन्मात कधी मागून नेलेला नांगर परत केला नाही ते लोक बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या घालून हिंडत होते. आमचे बैलही त्यांतलेच. आमचं घर मोठ्या कास्तकारीचं. काळी जमीन, भरपूर. मी त्या घरचा थोरला.

वासुदेव मास्तर देशावरून आले होते. अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. मारत नसत. एकच बोलणं त्यांचं — आधी बघा, मग बोला. आमच्याकडे उलटं चालायचं. आमच्याकडे आधी बोलायचं, आणि बघायची पाळी येईल तेव्हा बघायचं.

एक दिवस त्यांनी विचारलं, फेकलेला दगड कोणत्या वाटेने जातो? मी सगळ्यांच्या आधी बोललो. ते माझं ठरलेलंच होतं. म्हणालो, जोर असेपर्यंत नीट सरळ जातो, जोर संपला की खाली पडतो. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मागून एक आवाज आला.

"नाही मास्तर. तो निंगाल्यापासूनच पडाले लागते."

हा संपत. माळ्याचा. गावाबाहेर नाल्याला लागून त्यांचा मळा होता. सकाळी बाजारात भाजीची गाडी लावून तो शाळेत यायचा. कधी उशीर व्हायचा, कधी धोतराला पालकाची पानं चिकटलेली असायची. तो माझा मित्र होता — हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे. माझ्या शिदोरीतली भाकर तो खायचा, त्याच्या ओच्यातल्या गाजर-मुळ्यांवर माझा हक्क असायचा.

मास्तरांनी विचारलं, तुला कसं ठाऊक?

"मळ्यात गोफणीनं पाखरं हाकलतो ना मी. गोटा सरळ मारला का पाखरापाशी जातच नाही, अलीकडंच पडते. जरा वर मारा लागते."

वर्ग हसला. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की — कसं सांगू? माझ्याकडे त्यांनी तसं कधीच बघितलं नव्हतं. आणि मी त्यांचा सगळ्यांत हुशार पोरगा होतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी यंत्र बांधायला काढलं. मोडक्या गाडीचे दोन दांडे जमिनीत रोवले, त्यांच्या मधोमध आडवा आस, आणि त्या आसावर खालीवर होणारी एक लांब बल्ली. बल्लीच्या आखूड टोकाला सरकीने भरलेलं पोतं लटकवायचं. लांब टोकाला नारळाची करवंटी, तिच्यात मातीचा भाजलेला गोळा. करवंटीचं टोक खाली ओढून दोरीने अडकवून ठेवायचं. दोरी सोडली की पोतं धपकन खाली, करवंटी वर, आणि गोळा सुटला. बल्ली कुठं अडावी यासाठी एक खुंटी होती. खुंटी पुढेमागे केली की गोळा वेगळ्या कोनातून निघायचा. अर्धंअधिक काम संपतने केलं. पोरांनी त्याला मास्तरांची गोफण असं नाव दिलं.

मग पंधरा दिवस आम्ही गोळे फेकले. गोळा पडला की तिथं चुन्याची फक्की टाकायची, दोरीने अंतर मोजायचं, पाटीवर लिहायचं. काटकोनाच्या बरोबर अर्ध्यावर खुंटी ठेवली की गोळा सगळ्यांत लांब जातो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. एकदा तीस अंशांवर फेकला, एकदा साठवर. एक बुटका गेला, दुसरा आभाळात चढून सावकाश उतरला, आणि दोन्ही एकाच चुन्यावर पडले. तेव्हा अख्खा वर्ग त्या चुन्यापाशी धावला. 

मास्तर सांगायचे की पोतं तेवढंच, बल्ली तीच, खुंटी तीच, तर गोळा पडणारही तिथंच. त्याच्या मनात असो वा नसो. मग ते म्हणायचे, फेकायच्या आधी सांगा कुठं पडेल. सांगा आणि तिथं टोपलं ठेवा. मी हिशेब करायचो, टोपलं ठेवायचो, आणि गोळा दोन हात इकडं नाही तर दोन हात तिकडं पडायचा. संपतही हिशेब करायचा, माझ्यापेक्षा सावकाश, बोटं मोडत. मग मैदानाकडे डोळे बारीक करून बघायचा, आणि टोपलं ठेवायचा. गोळा टोपल्यात.

यंत्र उभं राहिलं त्याच सुमारास कळलं होतं की तपासणीचे साहेब येणार. अकोल्याला मास्तर तयार करण्याचा वर्ग होता, त्यासाठी ते आमच्या शाळेतला एक मुलगा निवडणार होते. एकच. राहणं-खाणं सरकारी, आणि शिकून बाहेर पडला की कायमची नोकरी. मास्तरांनी ठरवलं होतं की साहेबांपुढे गोळा टोपल्यात टाकून दाखवायचा. आणि यंत्र नवं होतं तेव्हाच ते सगळ्या वर्गासमोर मला म्हणाले होते — साहेब येतील त्या दिवशी दोरी तू सोडशील.

हे मी बाबांना सांगितलं. बाबांनी गावभर सांगितलं. माझा पोरगा साहेबापुढं तोफ सोडणार, असं सांगितलं. चावडीवर सांगितलं, सोयऱ्यांना निरोप धाडले. गाडी सजवून ते त्या दिवशी येणार होते.

आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दोरी उद्या संपत सोडेल. टोपल्याची जागा त्याने काढलेली आहे. हिशेब ज्याचा, दोरी त्याची. तू साहेबांना सगळं समजावून सांग, ते तुला चांगलं जमतं."

बस, एवढंच. खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

मला काय वाटलं ते आज मी जसंच्या तसं लिहिणार आहे. मला वाटलं, यांनी माझा गळा कापला. शब्द दिला होता. सगळ्यांसमोर दिला होता. मी काय केलं होतं? आजारी पडलो होतो, की चुकलो होतो? मास्तरांसाठी मी घरून तूप नेलं होतं, यंत्राचे दांडे आमच्या गाडीचे होते, आणि आता बाबा येणार, सोयरे येणार, आणि दोरी कोणाच्या हाती? माळ्याच्या पोराच्या. हो, हेच शब्द मनात आले. माझ्या शिदोरीतली भाकर खाणाऱ्या मित्राला मनात मी याच नावाने हाक मारली, आणि त्याने ती भाकर खाऊन मला दगा दिला असंही वाटलं. त्याने काय दगा दिला होता? मास्तरांनी सांगितलं आणि तो हो म्हणाला. त्याने नाही म्हणायला हवं होतं, अशी माझी तक्रार होती. सतरा वर्षं फक्त हो ऐकलेल्या पोराची तक्रार.

त्या दिवशी पोत्याची शिवण उसवली. संपत म्हणाला, माय शिवून देईल, आणि पोतं घरी घेऊन गेला. सरकी आधी तोलून घेतली होती, बारा शेर भरली. सकाळी बाजारात भाजी उतरवून तो गाडी घेऊन शाळेत आला. पोतं गाडीतच होतं, भाजीवर टाकायच्या ओल्या फडक्याखाली. भाजी कोमेजू नये म्हणून माळ्यांच्या गाडीत असं ओलं फडकं असतंच. त्याने पोतं उचलून माझ्या हातात दिलं.

"हे धर. मी बैल सोडून येतो, हातपाय धुतो जरा. लोक येऊन राह्यले बाप्पा."

मी पोतं धरलं.

इथं मी तीन दिवस अडकलो आहे. पण त्याआधी आमच्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल मला हे कुठून सुचलं. आमच्या घरी हे सगळ्यांना यायचं. कापूस बाजाराला न्यायच्या आधी संध्याकाळी तो अंगणात पसरायचा. एक थर. त्यावर पाणी शिंपडायचं. वर कोरडा थर, पुन्हा पाणी, आणि सगळ्यात वर चांगला जाड कोरडा थर. रात्रभर कापूस पाणी पितो. सकाळी अडत्या हात घालतो तो वरच्या थरात, त्याच्या हाताला काही लागत नाही, आणि काट्यावर मात्र गठ्ठा खाली बसतो. दहा वर्षांचा असल्यापासून मी हे करत होतो. याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो. आजी विचारायची, कापसाले पाजलं का रे? तसंच, गाई-म्हशीला विचारावं तसं.

सरकीलाही रुई चिकटलेली असते. सरकीही पिते.

शाळेच्या मागच्या बाजूला रांजण होता. मी पोतं तिथं नेलं. संपतच्या आईने घातलेले टाके एका टोकाला सोडवले, वरची चार ओंजळी सरकी पंच्यात काढून ठेवली, आणि आतमध्ये पाणी ओतलं. पाच लोटे. हळूहळू, बाजूने, आत जिरेल असं. मग कोरडी सरकी वर पसरली आणि टाके पुन्हा घातले.  घाई झाली नाही. हे काम मला येत होतं.

झालं. लिहिलं.

मला वाटलं होतं की गोळा टोपल्याच्या थोडा पुढे पडेल, संपतचं तोंड उतरेल, मास्तरांना कळेल की माझ्याकडूनच दोरी सोडवायला हवी होती. एवढंच. मी काही फार मोठं योजलं नव्हतं — असं वाक्य मी आता लिहिलं आहे आणि ते खोडत नाही, कारण असली वाक्यं मी अडत्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहेत आणि कधी मान्य केलेली नाहीत.

साहेब आले. बाबा आले, सोयरे आले. कुंपणापलीकडे गाडीवानही उभे राहिले. मास्तरांनी पोतं लटकवलं. आदल्या दिवशी तोललं होतं म्हणून पुन्हा तोललं नाही. त्यांचा संपतवर भरवसा होता, म्हणून तोललं नाही. संपतने चाळीस हातांवर टोपलं ठेवलं. परत आला, खुंटी बघितली, माझ्याकडे बघून जरासा हसला, आणि दोरी सोडली.

गोळा टोपल्यावरून गेला. कुंपणावरून गेला. आवारात एका गाडीवरच्या गठ्ठ्यावर धप्प आवाज करून फुटला. एक बैल उधळला. गाडीवान हसायला लागले — "अरे मास्तर, टोपलं इकडं आणून ठेवा ना." साहेबांनी कारकुनाच्या कानात काही सांगितलं, आणि कारकुनाने मास्तरांना मराठीत विचारलं की तुमच्या शाळेत गणित असंच शिकवतात काय. सगळ्यांसमोर.

 मास्तर तडक पोत्याजवळ गेले. बघायची सवय त्यांची. टाके तोडले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा ओला होता, त्याला सरकी चिकटली होती.

"संपत. हे काय?"

संपत गोंधळला. मग त्याचा चेहरा बदलला — मी पाहिलं, त्याला आठवलं. "मास्तर, भाजीचं फडकं ओलं होतं. पोतं त्याच्याखाली ठेवलं म्या. ध्यानातच नाही आलं माह्या."

कोणीतरी म्हणालं, "माळी हाय तो. दिसलं ते भिजवल्याशिवाय राह्यवते का त्याले?" पुन्हा हसू. तो माझ्या मामांचा आवाज होता असं वाटतं.

पण मास्तर हुशार होते. पोरांना शिकवत होते तेच त्यांनी केलं. म्हणाले, "फडक्याचं पाणी वरून जिरतं ना? मग वर कोरडं आणि आत ओलं, हे कसं?" संपतने स्वतः पोत्यात हात घालून बघितला. मास्तरांनी विचारलं, "पोतं कालपासून कोणाकोणाजवळ होतं?"

मी चार हातांवर उभा होतो.

संपत म्हणाला, "माह्याजवळच होतं मास्तर."

त्याने माझं नाव घेतलं नाही. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, की आपल्या चुकीत मित्राला कशाला ओढा म्हणून त्याने घेतलं नाही? मी हे त्याला कधी विचारलेलं नाही. विचारायला गेलो असतो तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

मास्तरांनी ओळखलं की हे मुद्दाम केलेलं आहे. बरोबर ओळखलं. माणूस चुकीचा निघाला, एवढंच. त्यांना वाटलं, गोळा फार लांब जावा, साहेबांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून या पोराने हे केलं, आणि पकडला गेल्यावर फडक्याची गोष्ट रचली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मी तुझ्यावर यंत्र सोपवलं होतं." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. ज्याला फसवलं जातं त्याचं तोंड कसं होतं ते मी तेव्हा पाहिलं. आदल्या दिवशी आपलं तोंड तसंच झालं होतं असं मला वाटत होतं. नव्हतं झालेलं.

आणि मी पुढे झालो. कारकुनामार्फत साहेबांना सगळं समजावून सांगितलं — गोळ्याची वाट वाकडी का, तीस आणि साठ अंशांना तो एकाच जागी का पडतो, वजन वाढलं की अंतर का वाढतं. हो, तेही सांगितलं. पोतं जड झालं म्हणून गोळा पुढे गेला, त्यात नियम खोटा पडला नाही, उलट खराच ठरला — असं मी मोठ्या आवाजात सांगितलं. साहेब खूश झाले. मास्तरांची अब्रू मी राखली असं सगळे म्हणाले. बाबांनी मला जवळ घेतलं. अकोल्याची जागा मला मिळाली.

संपत दुसऱ्या दिवशी शाळेत आला. मास्तरांनी त्याला बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. दोन दिवस तो दारात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आला नाही. मी अकोल्याला निघालो तेव्हा तो गाडीजवळ आला आणि म्हणाला, "माह्यापायी तुयी बी फजिती होत होती, पण तू सांभाळलं." मी म्हणालो, जाऊ दे. असंच म्हणालो — जाऊ दे.

मास्तरांचं पुढे एकदा पत्र आलं. यंत्र मोडून टाकलं, लिहिलं होतं. आता कोणत्याही मुलाच्या हाती काही सोपवताना हात आखडतो. तुझ्यासारखा सरळ मुलगा पुन्हा मिळाला नाही. ते पत्र मी सांभाळून ठेवलेलं नाही. लगेच फाडलं.

अकोल्यात मी शिकलो, आणि मास्तरकी न करता हे कागद काढायला लागलो. पाणी मारलेल्या कापसाविरुद्ध माझ्याइतकं कोणी लिहिलेलं नाही. हे प्रायश्चित्त होतं काय? नाही. तसं म्हणालो तर मी पुन्हा एकदा सुटून जाईन. मला राग येत होता, आणि तो काढायला पुष्कळ माणसं सापडत होती. बाबांचा कापूसही मी सोडला नाही. घरचे बोलत नाहीत माझ्याशी. लोक म्हणतात, पाहा, हा बापालाही सोडत नाही. केवढा मान मिळाला त्याचा.

आणि हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात संपत आला.

आम्ही छापखान्याच्या ओसरीवर बसलो होतो, दुपारची वेळ. कापसाच्या गाड्यांसोबत तो अमरावतीहून आला होता. अंगाने भरलेला, मिशा आलेल्या. मी ओळखलं, आणि समोरचे कागद चाळत राहिलो. तोच म्हणाला, "काय बे, वळखलं नाही का? मोठा मानूस झाला तू." आणि बंडीतून माझा कागद काढला. घामाने मऊ झालेला, घड्यांवर फाटलेला.

म्हणाला, भाजी विकून झाली की दर बाजाराला मी हा गाडीवर उभा राहून वाचतो. माझ्या सोबत्यांनी विचारलं, लोक ऐकतात?

"आयकतेत. दोघंचौघं हासतेत बी. म्हणतेत, पाण्यावाला संपत पाण्यावर बोलून राह्यला. मी म्हणतो, म्हणूनच तं बोलून राह्यलो बाप्पा. माह्या हातून झालं होतं. माह्या गुरुजीचं तोंड खाली गेलं साहेबापुढं. माही शाळा गेली. तुमचं काय काय जाईन ते पाहून घ्या. मंग चूप बसतेत."

सोबती थक्क झाले. एकजण म्हणाला, असा आपली चूक चारचौघांत सांगणारा माणूस लाखात सापडत नाही. दुसरा म्हणाला, याच्यावर एक कागद लिही. माझ्याकडे बघून म्हणाला.

मी विचारलं, तुला अजून वाटतं ते फडक्यामुळे झालं? का विचारलं असेन मी? तो म्हणाला, "मास्तराले पटलं नाही. मले बी समजलं नाही वरून कोरडं कसं राह्यलं. पण पाणी माह्याच गाडीतलं होतं ना. दुसरं कोण टाकते?"

दुसरं कोण टाकते.

मी तेव्हा सांगू शकत होतो. उन्हाची दुपार होती, समोर चार माणसं होती, तो होता, मी होतो. मी आत गेलो आणि नव्या कागदांचा गठ्ठा आणून त्याच्या हातात दिला. त्याने वरचा उचलून तिथंच मोठ्याने वाचायला घेतला, बाजारात वाचतो तसा. चांगलं वाचतो. एका जोडाक्षरावर अडला, आणि मी त्याला शब्द सांगितला. शब्द विश्वासघात होता. त्याने तो दोनदा घोकला, नीट बसला ना याची खात्री करायला, आणि पुढे वाचत गेला.

सतराव्या वर्षी जे केलं ते एका पोराने केलं असं कोणी म्हणेल. गेल्या महिन्यात ओसरीवर पोरगा नव्हता. तिथं मी होतो, तुमचा कागदवाला, आणि दुसऱ्याच्या तोंडून माझी चूक त्याची म्हणून वदवून घेत होतो, आणि वर उच्चार सुधारून देत होतो.

पोत्यात पाणी मी घातलं. संपतने नाही, त्याच्या फडक्याने नाही. अमरावतीच्या बाजारात जे त्याला पाण्यावाला म्हणतात त्यांनी हे ऐकावं. वासुदेव मास्तर जिथं बदलून गेले असतील तिथं त्यांनी वाचावं — तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं मास्तर, ते मुद्दामच केलेलं होतं. संपत खोटं बोलला नव्हता. ज्याला तुम्ही सरळ म्हणालात, तो मीच खरं बोललो नव्हतो.

हा कागद बाजारात वाचायला मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. येत्या बाजाराला अमरावतीला जाऊन मी स्वतः वाचणार आहे, संपतच्या गाडीपाशी उभा राहून. त्याला आधी कळवलेलं नाही. तो ऐकायला थांबेलच असं नाही, आणि त्याने थांबावं असं मी म्हणतही नाही. मधेच त्याला बैल जुंपावेसे वाटले तर त्याने जुंपावेत. मी बाजूला होईन, गाडी जाऊ देईन, आणि उरलेलं वाचून संपवीन.